ह्याला शाई कुठंय?

टीपॉयवर वर्तमानपत्र पसरून मी फॉस्टेक्सचा टी-५० आरपी हेडफोन उघडून बसलो होतो. कानाच्या गाद्या काढल्या, स्क्रू सोडवले, आतला चौकोनी ड्रायव्हर वाटीतून उचलला आणि तेवढ्यात हातातल्या स्क्रू ड्रायव्हरनं असा हिसका दिला, की त्याचं पोलादी टोक टक्कन चुंबकाला जाऊन चिकटलं. जरासं इकडे गेलं असतं तर फटीतून आत, पडद्याला भोक आणि खेळ खलास. समोर चहा घेत बसलेले मामा हसले. मामांची उभी हयात तबल्यात गेली. त्यांनी ड्रायव्हर हातात घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि तो खिडकीच्या उजेडाकडे धरला. फटींतून तपकिरी पडदा आणि त्यावरच्या तांब्याच्या रेघा दिसत होत्या.

"पडदा म्हणतोस ना ह्याला? मग ह्याला शाई कुठंय?"

प्रश्न थट्टेचा होता, पण मी दोन दिवस त्याच्यावर अडून बसलो. माझा हा फॉस्टेक्स ज्या जातीचा, त्या प्लेनर मॅग्नेटिक हेडफोनांबद्दल गेल्या पंधरा वर्षांत जे लिहून आलं, त्यातलं बरंचसं या प्रश्नाला बगल देऊन लिहिलेलं आहे. पडदा पातळ, म्हणून आवाज वेगवान. पडदा आणखी पातळ, म्हणून किंमत आणखी चढी. माझं मत असं बनलंय की या यंत्रात पडद्याला उगाच मोठेपणा मिळाला. हुकमत चालते ती चुंबकाची आणि पडद्याला खेटून असलेल्या हवेची.

नेहमीच्या हेडफोनात, म्हणजे डायनॅमिक ड्रायव्हरमध्ये, तारेचं एक बारीक कडं घुमटाकार पडद्याच्या पाठीला चिकटवलेलं असतं. कडं चुंबकाच्या खाचेत पुढेमागे होतं आणि पडद्याला ढकलतं. जोर लागतो तो फक्त कड्याच्या परिघावर. बाकीचा पडदा त्याच्या मागून फरफटत जातो. वरच्या पट्टीत, म्हणजे सेकंदाला कित्येक हजार वेळा हलायची वेळ आली की मधला भाग एकीकडे आणि कडा दुसरीकडे असं होऊ लागतं.

प्लेनरमध्ये ते कडंच नाही. तार उलगडून सपाट पट्टीच्या रूपात सगळ्या पडद्यावर पसरलेली असते. शेत नांगरताना बैल बांधापाशी वळतात आणि शेजारून उलट दिशेनं परत येतात, तशी ही पट्टी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, वळते, परत येते. पडद्याच्या दोन्ही अंगांना चुंबकाच्या कांड्या ओळीनं बसवलेल्या असतात. समोरासमोरच्या कांड्या एकमेकींकडे सारखाच ध्रुव करून असतात: उत्तरेसमोर उत्तर, दक्षिणेसमोर दक्षिण. सारखे ध्रुव समोर आल्यामुळे चुंबकीय रेषांना सरळ पलीकडे जायला वाट मिळत नाही. त्या दबतात, आडव्या वळतात आणि पडद्याच्या पातळीतूनच धावत शेजारच्या कांडीच्या उलट ध्रुवात शिरतात. इथे दहावीच्या पुस्तकातला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम लावून बघा. वीज कांडीच्या लांबीनं वाहतेय, चुंबकीय क्षेत्र आडवं आहे, दोन्ही पडद्याच्या पातळीत. म्हणजे जोर लागणार तो पडद्याला काटकोनात, कानाकडे किंवा कानापासून दूर. पुढच्या तासात, म्हणजे नांगरटीच्या शेजारच्या ओळीत, क्षेत्राची दिशा उलटते, पण वळून आलेल्या पट्टीतल्या विजेची दिशाही उलटलेली असते. दोन उलट मिळून सुलट. सगळ्या तासांत जोर एकाच बाजूला लागतो.

ही जुळणी मला फार आवडते. कुणीतरी कागदावर नुसत्या रेघा ओढता ओढता सोडवलेलं कोडं वाटतं.

यात काही गोष्टी आपोआप पदरात पडतात. तार वेटोळी नसल्यामुळे तिच्यात इंडक्टन्स जवळजवळ नाही. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरला हा हेडफोन साध्या रोधकासारखा दिसतो, खर्जापासून तारापर्यंत जवळपास एकच इम्पिडन्स. सेनहायझर एचडी ६०० सारख्या उत्तम डायनॅमिक हेडफोनाचाही अंगचा आकडा ३०० ओहम असला, तरी खर्जातल्या अनुनादापाशी तो ५०० च्या वर चढतो. अशा हेडफोनाला जुन्या धाटणीचा, स्वतःचाच रोध मोठा असलेला अ‍ॅम्प जोडला की आवाजाचा तोल बदलतो, खर्ज फुगतो. प्लेनरचा तोल अ‍ॅम्प बदलल्यानं असा हलत नाही. आणि गंमत पाहा, अमुक प्लेनरला तमुक अ‍ॅम्पनं कसा बहर आला याचीच चर्चा सर्वांत जास्त होते.

आता शाई. ताणलेल्या साध्या गोल कातड्यावर थाप मारली तर मूळ स्वराबरोबर त्याच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे तिरपागडे उपस्वर उठतात. म्हणून साध्या ढोलाला नक्की असा स्वर नसतो. तबल्याच्या शाईनं हे उपस्वर पटींच्या शिस्तीत आणले. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये यावर टिपण छापलं होतं. शाई म्हणजे हिशेबानं ठेवलेलं वजन, मध्ये जाड आणि कडेला पातळ.

प्लेनरचा पडदाही कडेनं जखडलेला, ताणलेला पडदाच आहे. त्यालाही हे सगळे उपस्वर आहेत. फरक असा की तबल्याला ते हवे असतात, हेडफोनाला एकही नको असतो. जोर सगळीकडे सारखा लागतो ही गोष्ट इथे कामाला येते: अर्धा पडदा वर आणि अर्धा खाली असे जे कंप असतात, त्यांना समान जोर जागवू शकत नाही. पण मध्यभाग वर आणि भोवतालचं कडं खाली, असे वर्तुळाकार कंप जागतात. म्हणून 'संपूर्ण पडदा एकजीव हलतो' हे जाहिरातीतलं वाक्य अर्धंच खरं. जोर सारखा असतो. हालचाल सारखी नसते. कडेला पडदा चिकटवलेला आहे, तिथे तो हलणार कसा?

यावर ज्यानं त्यानं आपापला तोडगा काढला. पडद्यामागे नमद्याचा किंवा बारीक विणीच्या कापडाचा थर ठेवून हवेला वाट अवघड करायची, म्हणजे कंप लवकर विझतो. हा सर्वांत जुना आणि स्वस्त उपाय. कॅलिफोर्नियातल्या डॅन क्लार्कनं ईथर या हेडफोनात ब्रूस थिगपेनच्या मदतीनं पडद्यावर बारीक चुण्या पाडल्या. चुण्यांमुळे पडदा आडवा सैलावतो आणि कडेपर्यंत जास्त सारखा हलतो. ऑडेझी या कंपनीनं पट्टीची रुंदी तासागणिक बदलली, म्हणजे चुंबकीय क्षेत्र जिथे कमीजास्त आहे तिथेही जोर सारखा पडावा. मामांच्या प्रश्नाचं सर्वांत जवळचं उत्तर हेच. धातूची पट्टी हीच प्लेनरची शाई.

आणि ही शाई वजनदार असते. जरा हिशेब मांडू. यामाहाच्या १९७६ च्या एचपी-१ या प्लेनर हेडफोनात पडदा १२ मायक्रॉनचा होता, पॉलिएस्टरचा. स्वयंपाकघरातली पोळ्या गुंडाळायची फॉइलही साधारण तेवढीच. असा पडदा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.७ मिलिग्रॅम भरतो. त्यावर दहा मायक्रॉन जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी निम्मी जागा व्यापत असेल, तर तिचं वजन सुमारे १.३५ मिलिग्रॅम. म्हणजे पट्टी पडद्याच्या तोडीस तोड. आता पडदा २ मायक्रॉनचा करा. तो ०.३ मिलिग्रॅमच्याही आत येतो, पण पट्टीचं वजन जागच्या जागी. पट्टीही पातळ करावी तर रोध वाढतो किंवा जोर घटतो. तांबं वापरावं तर वीज चांगली वाहते खरी, पण ते अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड. वजनाच्या हिशेबात अ‍ॅल्युमिनियम जिंकतं, म्हणून आजचे बहुतेक महागडे पडदे अ‍ॅल्युमिनियमचे.

त्याच्या वर हवा. हवा घन सेंटिमीटरला १.२ मिलिग्रॅम भरते. पडद्यावरचा सेंटिमीटरभर जाडीचा हवेचा थर म्हणजे २ मायक्रॉनच्या पडद्याच्या चौपट वजन! पडदा हलतो तेव्हा लगतची हवा त्याच्याबरोबर हलवावीच लागते. पडदा कितीही झिरझिरीत केला तरी हे ओझं कमी होत नाही. पडदा नॅनोमीटरमध्ये मोजायची चढाओढ पाहिली की मला रिकाम्या बैलगाडीच्या चाकाची धाव घासून गाडी हलकी करणारा गाडीवान आठवतो.

कल्पना जुनी आहे. जर्मनीत सीमेन्समध्ये १९२० च्या दशकातच 'ब्लाटहालर' नावाचा सपाट पडद्याचा लाउडस्पीकर तयार झाला होता. १९६९ साली अमेरिकेत मिनेसोटात जिम वायनी या अभियंत्यानं मॅग्नेपॅन कंपनी काढली. दाराएवढ्या उंच, पुस्तकासारख्या पातळ त्यांच्या स्पीकरांत हेच तत्त्व होतं. हेडफोनात ते आलं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, इंग्लंडच्या वॉर्फडेल कंपनीच्या 'आयसोडायनॅमिक'मधून. यामाहानं त्याला 'ऑर्थोडायनॅमिक' म्हटलं. त्यांच्या एचपी-१ चं रूप मारिओ बेल्लिनी या इटालियन रचनाकारानं घडवलं होतं, आणि तो आजही जुना वाटत नाही. फॉस्टेक्सनं आपल्या मालेला आरपी, म्हणजे 'रेग्युलर फेज' हे नाव दिलं. चार नावं, वस्तू एकच. सोव्हिएत संघातही 'एलेक्त्रोनिका टीडीएस-५', 'अम्फितोन टीडीएस-७' असे हेडफोन निघाले. युक्रेनमधल्या त्या काळच्या सरकारी संशोधनाचा धागा पुढे रिनारो या संस्थेपर्यंत आला, आणि रुमानियातल्या बाया मारे गावच्या मेझे कंपनीनं २०१८ मध्ये आणलेल्या 'एम्पायरियन'चा ड्रायव्हर रिनारोचाच आहे. त्यात पट्टी एकाच तऱ्हेची नाही: वरच्या भागात नांगरटीसारखी, आणि कानाच्या भोकासमोर उदबत्तीच्या कॉइलसारखी गोल.

पण मधली वीसपंचवीस वर्षं हे सगळं जवळपास अडगळीत पडलं होतं. फेराइट चुंबक जड आणि दुबळे. पुरेसा जोर हवा तर वजन वाढवा, नाहीतर दणकट अ‍ॅम्प जोडा. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला आणि लोकांना दोन सेलच्या यंत्रावर वाजणारा, डोक्यावर आहे हे विसरायला लावणारा हेडफोन हवासा वाटू लागला. त्या शर्यतीत प्लेनर उभाच राहू शकत नव्हता. जपानमध्ये फॉस्टेक्सनं मात्र स्टुडिओवाल्यांसाठी टी-५० चालू ठेवला. म्हणून तर पुढच्या हौशी मंडळींना उघडायला काहीतरी मिळालं.

वळण दिलं ते निओडिमियमनं. १९८२-८३ मध्ये जपानच्या मासातो सागावा यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा चुंबक तयार केला. तेवढ्याच आकारात फेराइटच्या दहापटीच्या घरात ऊर्जा. आधी तो महाग होता. हार्ड डिस्क आणि मोटारींनी मागणी वाढवली तसा स्वस्त होत गेला. आज या चुंबकांसाठी जग चीनवर किती टेकून आहे ते २०२५ मध्ये कळलं. चीननं काही दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि चुंबकांच्या निर्यातीला परवान्याचं कुंपण घातलं, आणि पुण्याच्या परिसरात विजेवरच्या दुचाक्या बनवणाऱ्यांपर्यंत त्याची झळ पोचली. हेडफोनवाल्यांचा वाटा त्या बाजारात चिमूटभर, पण माल त्याच गोणीतला.

२०१० च्या आगेमागे एकदम दोन घरं पुढे आली. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये सुरू झालेल्या ऑडेझीचा एलसीडी-२, आणि फँग बियान यांच्या हायफायमनचे एचई-५, एचई-६. दोघांची वृत्ती वेगळी. ऑडेझीनं भक्कम चुंबक, लाकडी कडं आणि पोटभर खर्ज दिला. हायफायमननं पडदा पातळ करायचा ध्यास घेतला. एचई-६ तर दंतकथाच झाला. त्याची संवेदनशीलता एका मिलिवॉटला ८३.५ डेसिबल, इम्पिडन्स ५० ओहम. मोबाइलला लावायचा एखादा डोंगल १ व्होल्ट देत असेल तर ५० ओहमात २० मिलिवॉट जातात, म्हणजे आवाज मिळतो जेमतेम ९६ डेसिबल. सरोदच्या झाल्यातली किंवा तबल्याच्या तिहाईतली अचानक उसळी ११० पर्यंत न्यायची तर ४५० मिलिवॉट लागतात. लोक खोलीतल्या स्पीकरांचे अ‍ॅम्प या हेडफोनाला जोडायचे. त्याच वंशातला सुसवारा ६ हजार डॉलरना आला, ६० ओहम आणि ८३ डेसिबल, म्हणजे तेवढाच हट्टी. उलट ऑडेझीचा एलसीडी-एक्स १०३ डेसिबलचा, फोनवरही दणक्यात वाजतो. 'प्लेनरला ताकद लागतेच' हे सरसकट विधान म्हणून चुकीचं आहे. चुंबक किती आणि पट्टी किती, यावर ते ठरतं.

चुंबक मात्र फुकट येत नाही. एलसीडी-एक्स ६१२ ग्रॅम भरतो, एचडी ६०० भरतो २६०. तासाभरानं मान सांगते.

आता त्या 'वेगा'कडे. प्लेनर ऐकणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत म्हणतो की आवाज चपळ आहे, सुटा आहे, थाप पडली की पडली आणि थांबली की थांबली. मीही म्हणालो होतो. पण कानाला लावलेला हेडफोन बहुतांशी अशा जातीची यंत्रणा असतो, की त्याचा स्वरनिहाय तोल आणि क्षणाला दिलेला प्रतिसाद या दोन वेगळ्या गोष्टी नसतात. एकच मजकूर मोडीत लिहिला काय आणि बाळबोधीत लिहिला काय. थाप लवकर विझत असेल तर ते तोलाच्या आलेखातही दिसायलाच हवं, आणि आलेख सारखा करून घेतला तर चपळाईतला बराचसा फरक विरून जातो. आपल्याला जी चपळाई भासते तिचा मोठा भाग, माझ्या मते, मधल्या खर्जाचा फुगवटा नसणं आणि वरच्या पट्टीतला थोडा जास्त लखलखाट यांतून येतो. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह यांनी वर्षानुवर्षं डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारख्या ऐकण्याच्या चाचण्या घेतल्या. त्यांतून जो आवडीचा आलेख निघाला तो ड्रायव्हरची जात विचारत नाही. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मापं पडताळली. किंमत आणि आवाजाचा तोल यांत त्यांना काही नातं सापडलं नाही.

हे वाचून काही मित्र माझ्यावर रुसतील. रुसोत. प्लेनरचा खरा गुण दुसरीकडे आहे आणि तो मोजता येतो: खालच्या खर्जात कमी विकृती. १०० मिलिमीटरच्या पडद्याचं क्षेत्रफळ ४० मिलिमीटरच्या पडद्याच्या सहापटीहून जास्त. तेवढीच हवा ढकलायला त्याला एक षष्ठांश हालचाल पुरते. शिवाय चुंबक दोन्ही बाजूंना असले तर पडदा पुढे गेला काय आणि मागे गेला काय, क्षेत्र सारखंच मिळतं. म्हणून डग्ग्यावर मनगट घासत काढलेला 'घे' शेवटपर्यंत एका रेषेत येतो, वाटेत गढूळ होत नाही. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेलाही हेच लागू. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यानं प्लेनर घ्यायचा तर तो यासाठी घ्यावा.

दुखणं आहे वरच्या पट्टीत, आणि ते चुंबकांमुळेच. पडदा आणि कान यांच्या मध्ये कांड्या उभ्या. १० हजार हर्ट्झच्या आवाजाची लांबी साडेतीन सेंटिमीटर. त्याच्या वर गेलं की कांड्या, त्यांच्या फटी आणि कानाची पोकळी या सगळ्यांची मापं आवाजाच्या मापाला भिडू लागतात. लाटा कांड्यांवर आपटून विखुरतात, फटींत घुमतात. आलेखात तिथे दातेरी करवत दिसते आणि कानाला कधी 'स' टोचतो, कधी झांजेला पत्र्याचा वास येतो. ऑडेझीनं कांड्यांवर पाचरीसारखे तुकडे बसवून लाटांना वळण दिलं, त्यांना ते 'फेझर' म्हणतात. हायफायमननं कांड्यांच्या कडा गोलसर केल्या आणि त्यांना 'स्टेल्थ' नाव ठेवलं. मला सर्वांत विचारी वाटतो तो डॅन क्लार्क यांचा उपाय. २०२१ च्या त्यांच्या हेडफोनाचंही नाव नेमकं स्टेल्थच. त्यात पडदा आणि कान यांच्यामध्ये बारीक नळ्यांची आणि पोकळ्यांची एक चकती बसवलीय. ठराविक उंचीचे स्वर तीत शिरून जिरतात, बाकीचे पार होतात. म्हणजे पडदा सुधारायचा नाद सोडून त्यांनी सरळ हवेवर काम केलं. आलेख पाहिला तर वरची पट्टी प्लेनरच्या मानानं कमालीची गुळगुळीत.

चुंबक एकाच बाजूला ठेवला तर कानासमोरची वाट मोकळी होते, वजनही उतरतं. त्या बदल्यात पडदा चुंबकापासून लांब गेला की जोर घटतो, म्हणजे वर सांगितलेला खर्जातला गुण थोडा गमवावा लागतो. कुठल्या बाजूनं तोटा सोसायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं. ऑडेझीनं २०२१ च्या एलसीडी-५ मध्ये पडदा १०६ वरून ९० मिलिमीटरवर आणला आणि वजन ४२० ग्रॅमवर. यातही काही कमावलं, काही सोडलं.

कानात घालायच्या इवल्या प्लेनरांची लाट २०२१ नंतर आली. सेव्हन हर्ट्झ टाइमलेसमध्ये १४.२ मिलिमीटरचा प्लेनर ड्रायव्हर होता, लेटशुअर एस-१२ मध्ये १४.८ चा. वीस हजारांच्या आत बरे पर्याय मिळू लागले. एवढ्या लहान जागेत मोठ्या पडद्याचा फायदा कितीसा उरणार? चांगले वाजतात, पण मला त्यांचं प्लेनरपण ओळखता येत नाही.

टिकाऊपणाबद्दल फार कमी लिहिलं जातं. पडद्यावरची पट्टी कुठेतरी तडकली की तो कान एकदम मुका होतो, खरखर वगैरे काही पूर्वसूचना नाही. माझ्या एका महागड्या जोडीचा डावा कान वॉरंटी संपल्यावर महिन्याभरातच गेला. कंपनीनं नवा ड्रायव्हर बसवायला हेडफोनाच्या निम्मी किंमत सांगितली, आणि तो आजतागायत कपाटात आहे. गाद्यांचं कृत्रिम कातडं कोकणातल्या पावसाळ्यात दोन हंगामांत सोलवटतं आणि गालाला काळे कण चिकटतात. लोखंडाचा कीस हा तिसरा वैरी. सोल्डरिंग केलेल्या टेबलावर प्लेनर ठेवू नये; तारेचा एखादा छाटलेला तुकडाही चुंबकानं ओढला तर पडद्याला लागून फरफरतो. स्क्रू ड्रायव्हरबद्दल वर सांगितलंच.

२०२३ मध्ये सोनीनं ऑडेझी विकत घेतली, तीही खेळाच्या कन्सोलवाल्या शाखेनं. यामाहा वायएच-५००० एसई घेऊन पन्नास वर्षांपूर्वीच्या ऑर्थोडायनॅमिक नावाकडे परतली. फॉस्टेक्सचा टी-५० आरपी अजून निघतो, आणि अजूनही लोक तो घेतल्या दिवशी उघडतात. वाट्यांच्या आतल्या पोकळ्यांत मुलांची खेळायची चिकणी माती थापायची, थोडा कापूस, मागची भोकं थोडी बुजवायची, बस्स. डॅन क्लार्क यांचा धंदाही असाच, या हेडफोनाच्या पोटात माती भरून सुरू झाला.

मीही तेच केलं. डाव्या वाटीत मातीचा पातळ थर, उजव्या वाटीत तेवढाच; स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही गोळे तोलून घेतले होते. जुळणी करून मामांच्या डोक्यावर चढवला आणि त्यांच्याच एका जुन्या सोलोचं ध्वनिमुद्रण लावलं. मामांनी दोन मिनिटं मान हलवली, मग थांबले.

"चाट स्वच्छ आहे रे. पण माझा डग्गा कुठं गेला?"

मी त्यांचा चष्मा काढून घेतला. काडीमुळे गादी कानामागे उचलली जात होती आणि खर्ज तिथून गळत होता. गादी दाबून बसली, आणि मामांचे डोळे मिटले ते एकदम तिहाईनंतर उघडले.

हेडफोन काढून त्यांनी पुन्हा उलटासुलटा करून पाहिला.

"त्या चुण्यांचं सांगत होतास ना, कडेपर्यंत पडदा मोकळा होतो म्हणून. आपल्या पुडीवाल्याला सांगून बघू का?"

"मामा, पुडी राहू द्या."

"एक जुनी आहे रे माळ्यावर," म्हणाले, आणि शिडी आणायला उठले.